अंतरपाट बाजूला होतो तेवढ्यात: पहिल्यांदाच लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांसाठी

मी शूट केलेल्या पहिल्या लग्नात अंतरपाट नाही. लग्न आतेभावाचं होतं. त्या व्हिडिओत मामा नवरीला घेऊन येतो ते आहे, पहिली दोन मंगलाष्टकं आहेत, आणि मग एकदम हार घातलेले नवरा-नवरी दिसतात. मधल्या काळात काय रेकॉर्ड झालं, तर कार्यालयाची फरशी, माझे पाय आणि कुणाच्या तरी पैठणीचा हलता काठ. रेकॉर्डचं बटण माझ्याकडून एकदा जास्त दाबलं गेलं होतं. सुरू आहे असं समजत होतो तेव्हा कॅमेरा बंद होता आणि मी बंद केला तेव्हा तो सुरू झाला. आत्या अजूनही चारचौघांत म्हणते, "याच्या व्हिडिओत आमच्या पोराचं लग्न लागलंच नाही."

फोकस, एक्सपोजर हे सगळं मला तेव्हाही येत होतं. पण शेवटचं मंगलाष्टक कुठलं हे माहीत नसल्यामुळे मी ऐनवेळी जागा बदलायला निघालो, आणि त्या धावपळीत बटणाचा घोळ झाला. म्हणून नवख्याला मी पहिली गोष्ट हीच सांगतो: लेन्स नंतर घ्या, आधी लग्नाचा क्रम पाठ करा. स्टेजवरचा दिग्दर्शक गुरुजी असतात. ते पुढे काय करणार हे तुम्हाला आधी कळत असेल, तर साध्या कॅमेऱ्यावरही लग्न नीट येतं.

आठवडाभर आधी

एकट्याने थेट ऑर्डर घेऊ नका. दोन-तीन लग्नांत कुणाच्या तरी हाताखाली दुसरा कॅमेरा धरा, नाहीतर नात्यातला साखरपुडा फुकट शूट करा. साखरपुड्यात चूक झाली तर अंगठी पुन्हा घालून घेता येते. अंतरपाट पुन्हा धरा असं कुणाला सांगणार?

ऑर्डर घेतली की घरच्यांकडून दोन याद्या मागा. पहिली विधींची आणि वेळांची. एका घरी सीमांतपूजन आदल्या रात्री असतं, दुसऱ्या घरी सकाळी. कुणाकडे वैदिक पद्धत, कुणाकडे सगळं दोन तासांत उरकायचं असतं. दुसरी यादी माणसांची: आजी कोण, मामा कोण, करवल्या कोण, आणि कुणाला व्हिडिओत आणायला विसरलात तर वर्षभर ऐकून घ्यावं लागेल. या शेवटच्या प्रश्नाला घरचे हसतात, पण दोन-तीन नावं बरोबर सांगतात.

मग गुरुजींना फोन करा. हे सहसा कुणी करत नाही, आणि गुरुजींना त्याचं फार बरं वाटतं. विचारायचं एवढंच: नवरा कुठल्या बाजूला उभा राहणार, अंतरपाट खाली सोडणार की बाजूला ओढून घेणार, मंगलाष्टकं किती आणि म्हणणार कोण, होम स्टेजवर की खाली, आणि तुमचा स्वतःचा माइक असतो का. या पाच उत्तरांवर तुमच्या कॅमेऱ्यांच्या जागा ठरतात.

कार्यालय बघायला मुहूर्ताच्याच वेळी जा. अकराच्या मुहूर्ताचं कार्यालय संध्याकाळी सातला बघून काही कळत नाही. स्टेजच्या मागे खिडकी असेल तर दुपारी सगळे चेहरे काळे येतील. मॅनेजरला सांगून तिथे आधीच पडदा लावून घ्या. लॉनवर गोरज मुहूर्त असेल तर फारच सावध राहा. त्या वेळी उजेड दर मिनिटाला उतरत असतो, आणि मंगलाष्टकं सुरू होताना बरोबर असलेलं सेटिंग संपेपर्यंत अंधारात जातं.

प्रत्येक लग्नात अंतरपाट असतो असंही नाही. बौद्ध पद्धतीच्या लग्नात त्रिसरण-पंचशील होतं, वधू-वर प्रतिज्ञा घेतात आणि जयमंगल अष्टगाथा म्हटली जाते. मुहूर्ताचा तो एक क्षण तिथे नसतो, पण दोघांचे कपडे बहुतेक वेळा पांढरे असतात. कॅमेऱ्यातलं झेब्रा (फार उजळ भागावर रेघा दाखवणारी सोय) चालू ठेवा आणि एक्सपोजर थोडं खाली आणा, नाहीतर साडीचं सगळं विणकाम उडून नुसता पांढरा ठिपका उरेल.

बॅगेत काय हवं

दोन कॅमेरे हवेतच. दुसरा भाड्याचा, मित्राचा किंवा अगदी चांगला फोनही चालेल. एक स्टँडवर वाइड, म्हणजे सगळं स्टेज दिसेल असा लावून सोडायचा, दुसरा तुमच्या हातात. लेन्समध्ये २४-७० मिलिमीटरची झूम असेल तर निम्मं काम झालं. सोबत ८५ ची एक घ्या, म्हणजे आईच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या तोंडासमोर न जाता टिपता येतं. गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारं हँडल) वरातीला आणि एंट्रीला छान, पण विधींच्या वेळी स्टेजवर त्याचा अडथळाच होतो. तिथे मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड घ्या.

कार्डाचा हिशेब घरीच करून निघा. १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) फोर-के शूट केलं की तासाला सुमारे ४५ जीबी जातात, म्हणजे १२८ जीबीचं कार्ड पावणेतीन तासांच्या आसपास भरतं. कार्ड व्ही ३० (लिहिण्याच्या वेगाचा दर्जा) किंवा त्याहून वरचं असू द्या. एकच मोठं कार्ड घेण्यापेक्षा लहान चार बरी, एक खराब झालं तर सगळं लग्न तरी जात नाही. बॅटऱ्या तुम्हाला वाटतात त्याच्या दुप्पट. काळा चिकटपट्टीचा रोल, एक्स्टेन्शन बोर्ड, लेन्स पुसायचं कापड. आणि पटकन निघणारी चप्पल! होमापाशी दर वेळी बुटाच्या नाड्या सोडत बसलेला शूटिंगवाला मी पाहिलाय. तो मीच होतो.

सेटिंग एकदा लावा, मग हात लावू नका

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावरचे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. फ्रेम रेट २५ आणि शटर १/५० ठेवलं की पट्ट्या सहसा येत नाहीत. स्लो मोशनसाठी ५० फ्रेम आणि १/१०० शटर. कॅमेरा नवा असेल तर मेन्यूत एनटीएससीऐवजी पाल (५० हर्ट्झच्या विजेला जुळणारी पद्धत) निवडलंय ना ते बघा. ३० आणि १/६० वरच राहिलं तर सगळं लग्न फडफडताना दिसेल. स्टेजवरचे स्वस्त एलईडी तरीही कधी कधी पट्ट्या देतात, तेव्हा शटर थोडं खालीवर करून पाहा.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडू नका. हळदीच्या दिवशी याची गंमत कळते. समोर पिवळ्या साड्या, पिवळी फुलं, पिवळे गाल. कॅमेऱ्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो सगळ्यावर निळसर छटा चढवतो. हळद आजारी दिसायला लागते. उन्हात ५६०० केल्विनच्या आसपास लॉक करा, सावलीत जरा वर. आत स्टेजवर पांढऱ्या कागदावर कस्टम घ्या. डेकोरेशनवाल्याला हात जोडून सांगा की मुहूर्ताच्या वेळी जांभळे-निळे पार लाइट बंद ठेव. नवरीच्या चेहऱ्यावर पडलेला जांभळा उजेड एडिटिंगमध्ये पूर्ण निघत नाही.

लॉग प्रोफाइलच्या (फिकं चित्र घेऊन रंग नंतर चढवायची पद्धत) नादाला पहिल्या चार लग्नांत लागू नका. साधं प्रोफाइल, नीट एक्सपोजर.

आवाज

घरचे लोक जरा हललेलं चित्र खपवून घेतात. फाटलेल्या आवाजातलं मावशीचं मंगलाष्टक मात्र त्यांना सहन होत नाही, आणि मावशीला तर अजिबात नाही.

मंगलाष्टकं घरचीच माणसं म्हणतात, एकच माइक हातोहात फिरतो. त्यांचा स्वच्छ आवाज मिळतो तो फक्त साउंडवाल्याच्या मिक्सरमधून. त्याच्याकडून लाइन आउट (मिक्सरमधून थेट बाहेर येणारा आवाज) घ्या आणि छोट्या रेकॉर्डरला जोडा. रेकॉर्डरचं इनपुटही लाइनवर असलं पाहिजे. माइकवर राहिलं तर सगळं खरखरीत येईल. याशिवाय एक कॉलर माइक नवऱ्याच्या उपरण्याला लावा. गुरुजी त्याच्याजवळच असतात, त्यामुळे दोघांचेही आवाज त्यात येतात. नवरीला माइक लावायचा मोह टाळा. शालूची सळसळ आणि बांगड्यांची किणकिण यांखाली तिचं बोलणं दबून जातं.

आता खरी मेख. मंगलाष्टकं चालू असताना आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवलीत, सगळं छान चाललंय. मग "सावधान" होतं आणि त्याच क्षणी सनई-चौघडा, नाहीतर बँडवाले, एकदम सुरू होतात. दोनशे माणसं टाळ्या वाजवतात. तुमचा ट्रॅक फाटतो, तोही लग्नातल्या सगळ्यात महत्त्वाच्या सेकंदाला. उपाय सोपा आहे: रेकॉर्डरमध्ये सेफ्टी ट्रॅकची सोय असेल तर चालू करा, तो तोच आवाज १०-१२ डेसिबल कमी पातळीवर वेगळा घेतो. ती सोय नसेल तर वाइडवर लावलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्याचा आवाज मुद्दाम बराच खाली ठेवा. एडिटिंगमध्ये त्या क्षणापुरता तो वापरता येतो.

गौरीहराची खोली

मुहूर्ताच्या आधीचा अर्धा तास शूटिंगवाले बाहेर नवरदेवाच्या मागे असतात, आणि नवरी आतल्या खोलीत गौरीहराशी एकटी बसलेली असते. माझ्या मते नवख्या माणसाला दिवसभरातलं सगळ्यात सुंदर चित्र इथे मिळतं. हातात अक्षता, समोर अन्नपूर्णा, ओठांवर पुटपुटणं. खोली लहान असते, म्हणून लाइट लावू नका. एखादी खिडकी असतेच, तिच्याकडे तुमची पाठ येणार नाही अशा बेताने बाजूला बसा. नवरीच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीवरच. पाच मिनिटं काही बोलू नका. "ताई, जरा इकडे बघा" म्हणालात की ते चित्र गेलं.

मंगलाष्टकं

मुहूर्ताच्या दहा मिनिटं आधी वाइड कॅमेरा सुरू करा आणि त्याला विसरा. मात्र बरेच जुने मिररलेस कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात. मुहूर्त लांबला (लांबतोच, नवरदेव अजून घोड्यावर असतो) तर मामा नवरीला आणायला गेला की रेकॉर्डिंग बंद करून पुन्हा सुरू करा. एप्रिल-मेमध्ये लॉनवर शूट करत असाल तर कॅमेऱ्यावर पांढरा पंचा टाका, कॅमेरे तापून बंद पडतात.

तुमची जागा: अंतरपाटाच्या रेषेत, प्रेक्षकांच्या बाजूला, बरोबर मध्यावर. इथून कापड तुम्हाला काठासारखं उभं दिसतं, एका बाजूला नवरा, एका बाजूला नवरी. दोघांचेही चेहरे बाजूने दिसतात आणि दोघंही कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असतात, त्यामुळे एफ ४ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र थोडं लहान ठेवून, दोघंही फोकसमध्ये राहतात. एफ १.८ वर मागची फुलं मऊ होतात खरी, पण नवरा जरा पुढे झुकला की तोही मऊ होतो.

त्या जागेवर तुम्ही एकटे नसता. फोटोग्राफर तिथेच येतो, त्याचा असिस्टंट येतो, फोन उंचावलेला काका येतो. फोटोग्राफरशी सकाळीच चहा पीत ठरवून घ्या: तू गुडघ्यावर, मी उभा, किंवा उलट. काकांचं काही करता येत नाही.

आता कान उघडे ठेवा. मंगलाष्टकांचे एकेक "शुभमंगल सावधान" होत जातील, प्रत्येकाला अक्षता पडतील, दर वेळी वाटेल हेच शेवटचं. "आली लग्नघडी समीप" ऐकू आलं की सावरून उभे राहा. आणि गुरुजींनी "तदेव लग्नं सुदिनं तदेव" सुरू केलं की जागा, झूम, सेटिंग, काहीही बदलायचं नाही. स्क्रीनवर लाल ठिपका दिसतोय ना, सेकंदाचे आकडे पळतायत ना, एवढं एकदा बघा. (मी आता आकडे मनात मोठ्याने वाचतो.) अंतरपाट बाजूला होतो, दोघं एकमेकांकडे बघतात, आणि लगेच हारांची गडबड सुरू होते. ते बघणं दोन सेकंदांचंही नसतं. पुष्कळदा नवरी आधी हसते.

अंतरपाट गेल्यावर कॅमेरा लगेच वळवू नका. दहापर्यंत मोजा. मग हार होताना मागच्या माणसांकडे जा: नवरीचा बाप कुठे आहे ते आधीच हेरून ठेवलेलं असेल तर एका झटक्यात सापडेल. अक्षता लेन्सवर येतातच, म्हणून हूड लावा आणि पुढे साधा यूव्ही फिल्टर ठेवा. कुंकवाची अक्षता ओल्या कापडाने पुसायला गेलात तर लेन्सवर लाल रंग पसरतो. आधी फुंकर मारा.

पुढचे विधी

हार झाले की मंडळी जेवायला पळतात, आणि खरं म्हणजे इथून पुढचं शूटिंग सोपं होतं. स्टेज मोकळं होतं.

कन्यादानात हातांवर राहा. ओंजळीतून पडणारी पाण्याची धार ५० फ्रेमवर जवळून घ्या. चेहऱ्यांसाठी वाइड कॅमेरा आहेच.

होमात धुरामुळे ऑटोफोकस पुढेमागे शोधत बसतो, तिथे मॅन्युअलवर जा. एक्सपोजर चेहऱ्यांचं ठेवा, ज्वाळा थोडी पांढरी पडली तरी चालते. धूर ज्या दिशेला जातो तिथे बसू नका, हे सांगायला नको, पण पंखा सुरू झाला की दिशा बदलते. लाह्या देताना नवरीचा भाऊ अचानक नवऱ्याचा कान पिळतो. कानपिळी पाच सेकंदांत संपते, म्हणून भाऊ पुढे सरकला की कॅमेरा नवऱ्याच्या कानावर हवा. चुकलीच तर ही एक गोष्ट पुन्हा करून घेता येते. भाऊ आनंदाने तयार असतो, नवरा जरा कमी.

सप्तपदीला तांदळाच्या सात राशींच्या शेवटच्या टोकाला, जमिनीला लागून बसा. दोघं पावला-पावलाने तुमच्याकडे येतात आणि एकेक रास पायाच्या अंगठ्याने ढकलली जाते. पहिली तीन पावलं पायांवर, उरलेली चेहऱ्यांवर. सातही पावलं पायांवरच घेतलीत तर कुणाचं लग्न ते कळणार नाही.

सूनमुखाला सगळे चुकतात. सासू आरशात सुनेचं तोंड बघते. आरशात तुम्ही दिसणार नाही अशी तिरकी जागा घ्या, हे बहुतेकांना सुचतं. पण कॅमेरा फोकस करतो आरशाच्या चौकटीवर, आणि सून धूसर राहते. आरशातल्या चेहऱ्यासाठी फोकस चौकटीच्या मागे लागतो, कारण आरशापासून नवरीपर्यंतचं अंतरही त्यात धरावं लागतं. मॅन्युअलवर जाऊन रिंग फिरवत राहा, डोळे स्पष्ट झाले की थांबा.

झाल, म्हणजे नवरीला सासरच्यांच्या स्वाधीन करतानाची टोपली, डोक्यावर धरतात तेव्हा टोपलीत दिवे असतात. मॅनेजरला सांगून हॉलचे अर्धे लाइट बंद करून घ्या, आयएसओ वाढला तरी चालेल. त्या वेळी नवरीची आई कुठे आहे ते बघा.

वरातीचा आवाज रात्री दहाला थांबवावा लागतो, म्हणून नाच आधीच भरपूर घेऊन ठेवा. ड्रोन हवाच असेल तर ड्रोन नियम, २०२१ वाचा, परिसर कुठल्या झोनमध्ये येतो ते नकाशात तपासा, स्थानिक पोलिसांना विचारा. पहिल्या लग्नात मी तरी उडवणार नाही.

पंगत आणि स्टेजवर भेटायला येणाऱ्यांची रांग शूट करायला कंटाळा येतो. सिनेमॅटिकवाले तिकडे नाक मुरडतात. पण दहा वर्षांनी घरचे बसून बघतात ते नेमकं हेच, कारण त्यातली काही माणसं तोवर राहिलेली नसतात. प्रत्येकाचे चार-पाच सेकंद घ्या.

त्याच रात्री

कितीही दमला असाल तरी झोपण्याआधी सगळी कार्डं दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा. फाइल्सची संख्या आणि आकार जुळतोय ते बघा, दोन-चार मधूनच चालवून बघा. त्यानंतरही कार्डं फॉरमॅट करू नका. व्हिडिओ देईपर्यंत डबीत ठेवा, वर तारीख लिहा.

देताना

काय देणार ते बयाणा घेतानाच लिहून ठेवा, निदान व्हॉट्सॲपवर: दीड-दोन तासांचा पूर्ण व्हिडिओ, चार-पाच मिनिटांचा हायलाइट, तारीख, आणि बदल किती वेळा करून देणार. शेवटचं लिहिलं नाहीत तर गाणं बदलण्यात तुमचा पुढचा सीझन जाईल. गाण्यांचंही आधीच सांगा. लग्नात गाणी वाजवायला कॉपीराइट कायद्यात सूट आहे, पण तेच गाणं व्हिडिओवर चढवून इंटरनेटवर टाकणं वेगळं, तिथे आवाज बंद होऊ शकतो किंवा व्हिडिओच काढला जातो. हायलाइटसाठी परवान्याचं संगीत घ्या, किंवा मंगलाष्टकांचा तुम्ही नीट रेकॉर्ड केलेला आवाजच वापरा. तो बहुतेक वेळा जास्त चांगला वाटतो.

पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, फॅट ३२ वर चार जीबीहून मोठी फाइल बसत नाही. पण जुने काही टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत, काहींना एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत) चालत नाही. म्हणून एच.२६४ मध्ये, तीन-साडेतीन जीबीचे तुकडे करून दुसरा पेनड्राइव्ह फॅट ३२ चा द्या. देताना त्यांच्याच टीव्हीला लावून बघा, आवाज येतोय ना तेही. आणि तुमच्याकडची प्रत वर्षभर पुसू नका. पेनड्राइव्ह कुणाच्या तरी धुवायच्या पँटमध्ये जातो, आणि मग फोन येतो.